ग्रुपमधला सातवा

११ मार्च २०२५, मंगळवार

पुन्हा कुलूप!

अधिकारी सकाळी साडेनऊला देवाप्पाच्या दारात पोचले. निपाणीच्या पलीकडचं गाव, म्हणजे माझ्या सासरचंच गाव. दाराला कुलूप. अंगणात कोंबड्या, गोठा रिकामा. प्रेमानंदांनी तिथूनच फोन करून सगळं सांगितलं. ते आरोग्य खात्यातून निवृत्त झालेत, गोठाही बघून येतात. मी विचारलं, म्हैस कुठाय? शेजारी बांधलीय म्हणाले, दोन दिवसांची वैरण घालून.

म्हशीची सोय लावून गेलेली माणसं घाबरून पळालेली नसतात. त्यांना आदल्या दिवशीच कळलेलं असतं.

देवाप्पाची रेणुका पंधरा वर्षांची. नववीत आहे. आज तिच्या लग्नाची सुपारी फुटणार होती. अधिकारी बापाला समज देणार होते, कागदावर सही घेणार होते. आता पोरगी कुठे आहे कुणाला माहीत नाही. डोंगर उतरला की कागल तालुका, महाराष्ट्र. इकडच्या अधिकाऱ्यांची हद्द संपली. आमच्याकडे हद्दीसाठी सत्तर वर्षं भांडण चाललंय. लग्न लावणाऱ्यांना मात्र ती आहे तिथेच बरी वाटते.

फेब्रुवारीत हेच झालं होतं. ती पोरगी आता सासरी नांदते आहे. सोळाची. ह्यांनी चार वर्षांत अकरा लग्नं थांबवली. हे गेले आणि दोन निसटली.

बातमी आमच्या फोनवरच्या ग्रुपमधल्या सहाच माणसांना माहीत होती. मी, प्रेमानंद, सुविधा, अंगणवाडीतली यल्लव्वा आणि शाळेतल्या दोन बाई. कोण?

१२ मार्च

माझ्याच घरी बसलो होतो, बेळगावला, अनगोळात. चहा निवत होता. प्रेमानंद सरळ म्हणाले की, यल्लव्वाचं घर देवाप्पाच्या गल्लीत आहे, दळणकांडण एकत्र आहे. शाळेतल्या दोघी बाई कपातली साय काढत बसल्या. यल्लव्वानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे.

मी काही बोलले नाही.

ती उठली, पिशवी घेतली. "आक्का, बातमी मीच आणायची आन् मीच फोडायची व्हय? मला काय दुसरा उद्योग न्हाय?" एवढंच. चप्पल तिनं दाराबाहेर नेऊन घातली. मी तेव्हाही गप्पच.

१६ मार्च

ह्यांच्या नंबरचा रिचार्ज केला.

२० मार्च

सुविधा कॉलेज सुटल्यावर आली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते — निरोप गुप्त कसे ठेवायचे याचंच शास्त्र. निपाणीला पाचवी ते दहावी ह्यांच्या हाताखाली शिकली. आई विडी वळायची. सुविधाला शिष्यवृत्तीचा फॉर्म ह्यांनी भरून दिला होता, ही गोष्ट ती अजून सांगते. आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते.

मी विचारलं, आपला ग्रुप कुणी मधेच वाचत असेल का? टॉवरवाला, कंपनीवाला, पोलीस?

नाही म्हणाली. निरोप आपल्या फोनमधून निघतानाच कुलूपबंद होतो, तो दुसऱ्या फोनमध्ये जाऊनच उघडतो. वाटेत कुणी पकडला तरी हाती नुसता गाळ लागतो.

मग किल्ली कोण पाठवतं?

"कुणीच नाही, काकू. पाठवली तर वाटेत कुणीतरी बघणार. किल्ली सगळ्यांनी मिळून बनवायची असते. प्रत्येकानं आपल्या जागी बसून."

न पाठवता सगळ्यांकडे एकच किल्ली? माझा विश्वास बसला नाही. ती हसली. म्हणाली, हेच तर मी पोरांना अख्खं एक सत्र शिकवते.

मला शिकव म्हटलं. सातवी झालेय मी. पण सातवीनंतर चाळीस वर्षं वाचतेय.

२३ मार्च, रविवार

सुविधानं मराठीत टिपण लिहून दिलंय, आठ पानं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा काय कळत नाही ते कळलं.

हे असते तर म्हणाले असते, "मंगल, एक ओळ वाच. ती कळेपर्यंत पुढची वाचायची नाही." लग्न होऊन आले तेव्हा मी वर्तमानपत्राचा मथळा तेवढा वाचायची. ह्यांनी रोज एक पान वाचायला लावलं. सासूबाई म्हणायच्या, बायको आणलीय का विद्यार्थी?

टिपणातलं एक वाक्य पाठ झालंय. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की किल्ली बदलायची — त्याला मागचं वाचता येऊ नये. ग्रुपमधून माणूस गेला की किल्ली बदलायची — त्याला पुढचं वाचता येऊ नये.

किती साधं. आणि किती कडक!

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. काठी ह्यांच्या उंचीची होती, ते सहज बांधायचे. मी स्टुलावर चढले. खालून स्टूल धरायला कुणी नव्हतं, म्हणून हळू बांधली.

यल्लव्वाला फोन केला. उचलला नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते. क्रमानं.

सुविधा दुपारी आली. म्हणाली, टिपण पुरे, हातानं करून बघू. फोनमध्ये आकडे दोनशे-तीनशे अंकी असतात आणि रीतही थोडी वेगळी, पण गाभा हाच. तिनं दोन आकडे मोठ्यानं सांगितले — पाच आणि तेवीस. हे जगाला माहीत असले तरी चालतात. मग प्रत्येकानं एक आकडा मनात धरायचा, कुणाला सांगायचा नाही. पाचाला तेवढ्या वेळा मांडून गुणायचं, तेवीसनं भागायचं, आणि जी बाकी उरेल फक्त ती चिठ्ठीवर लिहून शेजारच्याला द्यायची. शेजारच्यानं त्या बाकीवर आपला आकडा तसाच चालवायचा आणि पुढे द्यायची. प्रत्येकाची चिठ्ठी सगळ्यांच्या हातून फिरली की झालं.

म्हणाली, तिघं तरी हवेत, नाहीतर गंमत नाही. घरात आम्ही दोघीच. तिनं इकडेतिकडे बघितलं, भिंतीवर ह्यांचा फोटो. "सरांचा आकडा तुम्हीच धरा, काकू."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मी सहा धरला. पाच सहा वेळा मांडून गुणले — पंधरा हजार सहाशे पंचवीस. तेवीसनं भागले, बाकी आठ. आठाची चिठ्ठी सुविधाला दिली. त्या आठावरून माझा सहा ओळखून दाखव म्हटलं तर आकडे लहान आहेत म्हणून ओळखता येईल, पण तीनशे अंकी असले तर जगातल्या सगळ्या यंत्रांना जन्म पुरणार नाही म्हणे. पुढं जायला सोपं, मागं यायला वाट नाही. दुधाला विरजण लावल्यासारखं, दह्याचं परत दूध कोण करणार?

ह्यांचा आकडा मी तीन धरला. हे थेट तिसरीपासून शाळेत बसले होते म्हणून. ह्यांच्यासाठी वेगळं पेन घेतलं, त्यांचं निळं. माझी चिठ्ठी, सुविधाची चिठ्ठी, ह्यांची चिठ्ठी, तिन्ही गोल फिरत राहिल्या. शेवटी माझ्या हातात वीस आला. वीस सहा वेळा मांडून गुणले तर सहा कोटी चाळीस लाख! कागदाच्या पाठीमागे भागाकार केला. एकदा चुकला. परत केला. बाकी सोळा.

सुविधानं तिचा कागद उलटा करून दाखवला. सोळा.

मी थक्क. कुणी कुणाला सोळा सांगितला नव्हता. एकाही चिठ्ठीवर सोळा नव्हता. आणि तरी दोघींकडे सोळा!

मग ह्यांची चिठ्ठी राहिली होती. ती निळ्या पेनानं मी पुरी केली. सोळा. सुविधा म्हणाली, "बघा, सरांनाही किल्ली मिळाली."

आणि मी निळं पेन धरून तशीच बसले.

ह्यांची चिठ्ठी कोण भरतंय? मी. ह्यांच्या नंबरचा रिचार्ज दर महिन्याला कोण करतंय? मी. ग्रुपमध्ये ह्यांचं नाव अजून आहे. हे गेले तेव्हा कुणी काढलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव काढायला कुणाचा हात धजतो? मला तर ते बघायलाच ग्रुप उघडावासा वाटायचा. शाळेच्या फलकावर जुन्या हेडमास्तरांचं नाव असतं तसं — नुसतं नाव. त्यामागे एक फोन आहे हे डोक्यातच आलं नाही.

आणि फोन? तेराव्याला दिला. आमच्याकडे रीत आहे, गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू पाठच्या भावाला द्यायच्या. घड्याळ, कोट, चप्पल, फोन. माझ्या हातानं भरमू भावोजींच्या ओंजळीत दिल्या. ते म्हणाले होते, "वहिनी, नंबर बंद करू नगा. दादाला वळखणारी माणसं फोन करत्यात." मी बरं म्हटलं.

सुविधानं माझा फोन घेतला. मी टाकलेला नऊ मार्चचा निरोप शोधला — "मंगळवारी सकाळी देवाप्पाकडे." त्यावर बोट दाबून धरलं, मग कुणी कुणी वाचला त्यांची यादी उघडली. प्रेमानंद. यल्लव्वा. दोन्ही बाई. सुविधा. सगळ्यात खाली —

सर. १० मार्च, सकाळी ६.४०.

सुविधा हळूच म्हणाली, "कुलूप कुणी फोडलं नाही, काकू."

नाही फोडलं. दर वेळी नवी किल्ली झाली आणि दर वेळी आम्ही सातव्यालाही दिली.

भरमू भावोजींची बायको अक्काताई ही देवाप्पाची सख्खी बहीण. रेणुका भावोजींची भाची लागते. हेही मला माहीत होतं. सगळं माहीत होतं! नुसतं एका जागी मांडलं नव्हतं.

६ एप्रिल

फेब्रुवारीतल्या पोरीचा निरोपही बघितला. सर. सकाळी ७.०५.

जेवण गेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या बसनं गावी गेले. भावोजींच्या घराकडे वळले नाही. सरळ अंगणवाडीत. यल्लव्वा पोरांना उप्पीट वाढत होती. मला बघून वाढतच राहिली.

पोरं जेवून झोपली. मग मी सगळं सांगितलं. फोन मी दिला, रिचार्ज मी केला, तुझ्यावर बोट ठेवलं तेव्हा गप्प मी बसले.

ती बराच वेळ भांडी घासत होती. मग म्हणाली, "मास्तर असते तर मला आसं कुणी बोललं नसतं."

खरं आहे म्हटलं.

"आन् तुमी बोलला असता तरी कुणी बोललं नसतं."

तेही खरं आहे.

मग तिनं कळशीतलं पाणी दिलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. पण मी निघाले तेव्हा स्टँडपर्यंत आली. आणि वाटेत हळू आवाजात सांगितलं की रेणुका कुठे आहे ते नक्की माहीत नाही, पण अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरलाय, बांगड्या भरणारीला सांगावा गेलाय.

अक्षय तृतीया तीस एप्रिलला. बावीस दिवस.

१० एप्रिल

नवा ग्रुप केला. सहाजण. सुविधा म्हणाली, या वेळी समोरासमोर बसून करायचा. किल्ली एकत्र बनते हे खरं, पण पलीकडे बनवणारा आपलाच माणूस आहे का परका, हे किल्ली सांगत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. प्रत्येक दोघांच्या फोनवर साठ आकड्यांची एक ओळ येते, ती दोघांकडे सारखी असली पाहिजे. म्हणून शेजारी शेजारी बसून वाचायची.

यल्लव्वा बेळगावला आली, प्रेमानंद तिच्या आधी येऊन बसले होते. ती वाचत गेली, ते आपल्या फोनवर बघत गेले. साठच्या साठ. मधे एकदा ते म्हणाले, जरा सावकाश. ती म्हणाली, "का? पुन्यांदा चोर वाटली व्हय?"

प्रेमानंद उठून उभे राहिले. सत्तर वर्षांचा माणूस. हात जोडले. ती म्हणाली, "बसा आण्णा, आकडं इसरतील."

जुना ग्रुप तसाच ठेवायचा ठरलं. एकदम बंद पडला, किंवा ह्यांचं नाव निघालं, तर भावोजींना कळणार आणि मुहूर्त बदलणार. म्हणून तिथे रोजचं चालू ठेवायचं. सकाळी फुलांचं चित्र, वाढदिवस, कुणाची तब्येत. देवाप्पाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

म्हणजे आता मी ह्यांच्या नावाला रोज सकाळी फुलं पाठवते. आणि खरं बोलणं दुसरीकडे करते. बरं वाटत नाही. पण करते.

१४ एप्रिल

सुविधानं जुन्या ग्रुपवर बाबासाहेबांच्या जयंतीच्या शुभेच्छा टाकल्या. खाली ह्यांच्या नावानं उत्तर आलं. हात जोडलेलं चित्र.

पंधरा महिन्यांत पहिल्यांदा. फोन हातातून सुटला.

भावोजींचा अंगठा, हे कळतं. तरी.

२७ एप्रिल, रविवार

यल्लव्वाचा निरोप, नव्या ग्रुपवर. ठिकाण कळलं! डोंगराच्या पलीकडे देवाप्पाच्या साडूच्या शेतात, घराच्या मागं मांडव घालतायत. मळणीचं खळं सारवलंय, मळणी संपून गेल्यावर कोण खळं सारवतं? बांगड्यावाली तिथेच जाऊन आली.

प्रेमानंदांनी कागलकडच्या अधिकाऱ्यांशी बोलणं केलं. या वेळी त्यांच्या हद्दीत आहे, तेव्हा तेच जाणार.

यल्लव्वाला भीती वाटत नाही का विचारलं. तिनं लिहिलं, "वाटती. लई. सांगून काय हुतंय."

२९ एप्रिल

वाट बघते आहे. जुन्या ग्रुपवर मोगऱ्याचं चित्र टाकलं.

१ मे, गुरुवार

थांबलं!

काल सकाळी सातला अधिकारी आणि दोन महिला पोलीस पोचले. हळद लागलेली होती, अक्षता पडायच्या होत्या. नवरामुलगा सत्तावीसचा. देवाप्पा भांडला नाही म्हणे, मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. एकच म्हणाला, थोरली मोठी होऊन बसली तर धाकट्यांचं कसं व्हायचं? त्याच्या पुढ्यात कायदा वाचून दाखवला तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं. मला त्याचाही राग येईना. चार पोरींचा बाप.

रेणुका आठ दिवस सरकारी बालगृहात राहील, मग मुलींच्या वसतिगृहात. अंगावरची हळद धुवायला तिथल्या बाईंनी गरम पाणी दिलं. तिनं पहिलं काय विचारलं? "माझी सायकल घरात हाय. ती कोण आणून देणार?"

प्रेमानंद म्हणाले, मी आणतो. आणि गेले.

जुन्या ग्रुपवरही टाकलं, रेणुका सुखरूप आहे. आता लपवायचं काय? ह्यांच्या फोटोसमोर बारावं, एवढं म्हटलं.

१८ मे, रविवार

आज भरमू भावोजींकडे गेले. हे टाळून चालणार नव्हतं.

अक्काताईनं पाय धुवायला पाणी दिलं, पण तोंड बोललं नाही. तिच्या भावाच्या दारात पोलीस गेले होते. तिनं कसं बोलावं? समीक्षा, त्यांची पोरगी, चहा घेऊन आली. उंच झालीय, आता दहावीला जाईल. आई हाक मारेपर्यंत दाराला टेकून उभीच राहिली.

फोन देवळीत होता. विठोबाच्या तसबिरीशेजारी. खाली कापड घातलेलं. फोन नाही, देवाचा टाक ठेवावा तसा.

मी म्हटलं, भावोजी, ग्रुप तुम्ही वाचत होता.

लपवलं नाही त्यांनी. "व्हय."

मी रागानं गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यांनी फोन घेतला, बोट सरकवत सरकवत मागे गेले, खूप मागे. आणि ह्यांचा आवाज आला. ग्रुपवर कधीतरी पाठवलेला — "उद्या पाऊस असेल तर छत्र्या आणा रे सगळ्यांनी."

खोलीत उभे असल्यासारखा.

"रोज सकाळी ऐकतो, वहिनी," भावोजी म्हणाले. "दादाचा आवाज दुसरीकडं कुटं हाय? ऐकायला म्हनून उघडायचो. मग खाली देवाप्पाचं नाव दिसलं. सख्खा मेव्हणा माझा. दिसल्यावर गप कसं बसू?"

"ती पंधराची आहे, भावोजी."

"ठावं हाय."

"ह्यांचाच फोन. ह्यांचंच काम. त्याच फोननं मोडलं."

त्यांनी फोनची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. किती वेळ पुसत होते. जुळवलेली वाक्यं मी बोलले नाही. आम्ही दोघांनी एकच गुन्हा केला होता. मला ते नाव सोडवत नव्हतं, त्यांना तो आवाज.

मी सांगितलं की नाव आता काढणार. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आवाज जाईल?"

मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं.

२० मे

सुविधाला विचारलं. नाही जाणार. जे त्या फोनमध्ये आधी उतरलंय ते तिथेच राहतं. बाहेर गेलेल्याला फक्त पुढचं मिळत नाही. उरलेल्यांची किल्ली बदलते, त्याच्याजवळची जुनी नव्या निरोपांना लागत नाही.

भावोजींना फोन करून सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. आणि फोन ठेवताना, "वहिनी, रेणुकाच्या वसतिगृहात आंबं चालत्यात का?"

चालतात म्हटलं. विचारलं नव्हतं, पण चालत असतील.

२१ मे, बुधवार

आज काढलं.

सुविधा म्हणाली, मी करते. नको म्हटलं. नावावर बोट धरलं. फोननं विचारलं, खरंच काढायचं? होय.

'तुम्ही सर यांना काढले' अशी ओळ उमटली. सोळा महिन्यांपूर्वी सगळ्यांनी मला सांगितलं होतं की ते गेले. मला वाटतं मी स्वतःला आज सांगितलं.

नियम बरोबर आहे. जो गेला त्याला मागचं सगळं असतं. पुढचं नसतं. पुढचं उरलेल्यांचं.

दुपारी झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

२४ मे

रिचार्जची तारीख उलटून आठवडा झाला. केला नाही. भावोजींनी त्यांचा त्यांनी करावा.

२ जून, सोमवार

अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन. मागे पिठाच्या गिरणीचा आवाज. समीक्षा होती.

"मोठीआई, काकांचं नाव काढलासा व्हय? पप्पा शेतात गेल्यावर मी रोज वाचायची. तुमी रेणुकाला आणलासा ते बी वाचून कळलंतं. आता काय दिसंना झालंय." मग गिरणीच तेवढी ऐकू येत राहिली. "माझं बी ठरवल्यात. रविवारी हाय."

नव्या ग्रुपवर टाकलं. साडी बदलली. साडेबाराची निपाणी गाडी आहे.